गाडी कंपनीचा सर्व्हर बंद पडला, तर पुरवठादाराचं काय होतं?

ब्रिटनमध्ये १ सप्टेंबरला नंबरप्लेटची नवी मालिका सुरू होते, त्यामुळे गाड्यांच्या विक्रीसाठी तो मोठा दिवस असतो. २०२५ मध्ये नेमका त्याच सुमाराला जग्वार लँड रोव्हर, म्हणजे जेएलआरवर सायबर हल्ला झाला. टाटा मोटर्सच्या मालकीच्या या कंपनीने नुकसान पसरू नये म्हणून आपल्या सिस्टिम स्वतःच बंद केल्या. सोलिहल, हेलवूड, वुल्व्हरहॅम्प्टन इथलं काम थांबलं आणि ते टप्प्याटप्प्याने सुरू व्हायला ८ ऑक्टोबर उजाडला. तिथल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरच्या अंदाजानुसार ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेला सुमारे १९० कोटी पौंडांचा फटका बसला आणि ५,००० हून जास्त संस्थांना त्याची झळ पोचली.

बातम्यांमध्ये हॅकर कोण, खंडणी किती, याचीच चर्चा जास्त झाली. मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हल्ला एका कंपनीवर झाला, मग ज्यांचे कॉम्प्युटर ठणठणीत होते त्या छोट्या पुरवठादारांचे हात का बांधले गेले? लाइन बंद म्हणजे मागणी बंद, हे उघड कारण आहेच. पण दुसरं कारण ईडीआयमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंजमध्ये आहे.

ईडीआय म्हणजे दोन कंपन्यांच्या कॉम्प्युटरनी माणूस मध्ये न घेता एकमेकांना पाठवलेले ठरावीक साच्यातले कागद. युरोपातल्या वाहन उद्योगात एडीफॅक्ट हे प्रमाण रूढ आहे. त्यात ‘डेलफॉर’ हा संदेश पुढच्या आठवड्या-महिन्यांचा अंदाज सांगतो आणि ‘डेलजिट’ कधी, कुठे, किती नग हवेत ते नेमकं सांगतो. माल निघाला की पुरवठादार ‘डेसअ‍ॅड्व्ह’ पाठवतो. आपल्याकडे त्यालाच एएसएन म्हणतात. शेवटी बिल. गेटवर खोक्यावरचा बारकोड स्कॅन होतो, तो एएसएनशी जुळतो, माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन तयार होते आणि मग पेमेंटची चाकं फिरतात.

यातली खरी गंमत एकत्रित आकड्यात आहे. वाहन उद्योगात बऱ्याचदा नुसतं ‘५०० नग पाठवा’ असं सांगत नाहीत. समजा ग्राहकाचा संदेश आला: वर्षाच्या सुरुवातीपासून शुक्रवारपर्यंत एकूण १२,५०० नग हवेत, आमच्याकडे १२,००० पोचलेत. पुरवठादाराच्या हिशोबात १२,२०० निघालेत, म्हणजे २०० रस्त्यात आहेत आणि ३०० अजून पाठवायचेत. मधला एखादा संदेश हरवला तरी पुढच्या संदेशातला एकूण आकडा सगळं जागेवर आणतो. इंजिनिअर म्हणून मला ही रचना फार आवडते. साधी आहे, चिवट आहे.

पण ती दोन वह्या चालू असतील तोपर्यंतच. आता समजा ते रस्त्यातले २०० नग गेटवर पोचले तेव्हा स्कॅनर बंद होता. माल उतरवून घेतला, नोंद झाली नाही. काही आठवड्यांनी ग्राहकाची सिस्टिम जुन्या बॅकअपवरून उभी राहिली, तर तिच्या लेखी आकडा १२,००० च असणार. ती ५०० मागणार. पुरवठादाराने ३०० पाठवले तर ‘माल कमी आला’, ५०० पाठवले तर २०० फुकट. आणि ज्याची जीआरएन नाही, त्याचं पेमेंटही नाही. हा गुंता प्रत्येक पार्ट नंबरसाठी वेगळा सोडवावा लागतो.

जेएलआरने २५ सप्टेंबरला दिलेल्या माहितीत बिलं हाताळण्याची क्षमता वाढवून पुरवठादारांची तुंबलेली देणी उरकण्याचा उल्लेख होता. ब्रिटन सरकारने १५० कोटी पौंडांच्या कर्जाला हमी दिली, आणि नंतर कंपनीने पात्र पुरवठादारांना लवकर पैसे मिळावेत म्हणून योजना आणली. या तारखा बघा. महिन्याचा पगार करायचा असलेल्या छोट्या वर्कशॉपसाठी मदत तेवढी उशिरा आली.

उलटही घडतं. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर जपानच्या कोजिमा इंडस्ट्रीज या प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या पुरवठादारावर हल्ला झाला. त्यामुळे १ मार्चला टोयोटाने जपानमधले सगळे १४ कारखाने थांबवले. सुमारे १३,००० गाड्या लांबल्या. पण दुसऱ्याच दिवशी लाइन सुरू झाली. मोठा ग्राहक लहानासाठी धावून जातो, कारण त्याची लाइन अडलेली असते. लहान पुरवठादार मोठ्याचा सर्व्हर उभा करायला जाऊ शकत नाही.

चाकण, भोसरी, वाळूज, अंबडच्या मंडळींना यातून काय घेण्यासारखं आहे? आपल्याकडे एक फरक मदतीचा आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्यांना बिझनेस टू बिझनेस बिलासाठी सरकारी पोर्टलवरून आयआरएन घ्यावा लागतो. म्हणजे ग्राहकाचं पोर्टल झोपलं तरी बिलाची एक नोंद त्याच्या हाताबाहेर, तारखेसकट राहते. ई-वे बिलाचंही तसंच. मात्र माल पोचला हे यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी गेटवर सही-शिक्का मारलेलं चलान लागतं, आणि आपले एकत्रित आकडे रोज ग्राहकाच्या पोर्टलबाहेर, स्वतःच्या फाइलमध्ये उतरवून ठेवावे लागतात. ‘पोर्टलवर आहे की सगळं’ हे उत्तर चालणार नाही.

एएसएन उशिरा गेली की पुरवठादाराचे रेटिंगचे गुण कापले जातात. मग ग्राहकाची सिस्टिम बंद असताना एएसएन कशी द्यायची, कागदी चलानवर माल घेणार का, आणि आकडे जुळवताना कुणाची वही धरायची, हेही पुरवठा करारात लिहून घ्यायला हवं. एकट्या व्हेंडरचं कुणी ऐकणार नाही, इंडस्ट्रीज असोसिएशनने एकत्र मागितलं तर बोलणं तरी होईल.

तोवर एमएसएमई कायदा हाताशी आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाने दिलेल्या मालावर ग्राहकाने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तो दिवसच स्वीकारल्याचा दिवस धरला जातो, आणि लेखी करार असला तरी पेमेंटची मुदत तिथून ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. ही मोजणी जीआरएन कधी झाली यावर अवलंबून नाही.