मीठ, मार्केटिंग आणि हिशोब

इतिहासातल्या माणसांना मॅनेजमेंटच्या वर्गात आणून उभं करायची फॅशन आता जुनी झाली, पण जायचं काही नाव घेत नाही. शिवाजी महाराज 'लीडरशिप'ला, चाणक्य 'स्ट्रॅटेजी'ला, टिळकांचा गणेशोत्सव 'इव्हेंट मॅनेजमेंट'ला आणि गांधीजी 'ब्रँडिंग'ला. मंत्रिमंडळाची खाती वाटावीत तशी वाटणी! ऑफिसातल्या ट्रेनिंगमध्ये, कॉलेजात आलेल्या पाहुण्यांच्या भाषणात आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी सात वाजता (काका, रागावू नका) हा माल सारखा येत असतो.

त्यातला सगळ्यात लाडका नमुना म्हणजे दांडीयात्रा. मांडणी साधारण अशी असते: पंचा हा 'लोगो', मीठ हे घराघरातलं 'प्रॉडक्ट', २४ दिवसांची पायपीट ही 'टीझर कॅम्पेन' आणि ६ एप्रिल १९३० ला मूठभर मीठ उचललं ते 'लाँच'. शेवटच्या स्लाइडवर प्रश्न: तुमच्या ब्रँडचं 'मीठ' कोणतं? टाळ्या. मग चहा-बिस्किटं.

माझं म्हणणं सरळ आहे. ह्या धड्यात हिशोबातली मुख्य रक्कमच गाळलेली असते. जाहिरातीत किंमत गिऱ्हाईक मोजतं. १९३० साली किंमत आधी सांगणाऱ्याने मोजली आणि मग त्याच्या मागून जाणाऱ्यांनी. ती रक्कम खोडली की जे उरतं त्याला दांडीचा इतिहास म्हणू नये, इतकंच.

आता जरा तपशिलात जाऊ.

पहिली गोष्ट, मीठ ही कुणाला एका रात्रीत सुचलेली 'आयडिया' नव्हती. आपले गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली बजेटवर बोलताना व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मिठावरचा कर कमी करा म्हणून आकडेवारी मांडत होते, आणि पुढच्याच वर्षी तो काहीसा कमी झालाही. गांधीजींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये ह्या कराचा विषय काढला होता. १९२३ साली सरकारने कर दुप्पट करून मणाला अडीच रुपयांवर नेला. कायदेमंडळाचा विरोध असताना व्हाइसरॉयने तो स्वतःच्या अधिकारात लादला, आणि बोंबाबोंब झाल्यावर वर्षभरात पुन्हा खाली आणला. म्हणजे मिठाचं दुखणं लोकांच्या अंगात तीसेक वर्षं तरी मुरत होतं. गांधीजींनी ते निर्माण केलं नाही, ओळखलं. गरज निर्माण करणं हे मार्केटिंगचं काम. इथे गरज समोर होती, फक्त तिच्यासाठी तुरुंगात जायला कुणीतरी हवं होतं.

दुसरी गोष्ट. कुठला धंदेवाला आपला बेत प्रतिस्पर्ध्याला आधी लिहून कळवतो? गांधीजींनी २ मार्च १९३० ला व्हाइसरॉय आयर्विनला पत्र पाठवून सगळं सांगून टाकलं. त्याच पत्रात व्हाइसरॉयचा महिना २१,००० रुपये पगार आणि हिंदी माणसाची दिवसाला दोन आण्यांहूनही कमी कमाई, असा हिशोबही समोर ठेवला. आयर्विनची त्यावर झोप उडाली नाही. आणि गंमत म्हणजे स्वराज्याच्या लढ्यात मीठ कुठून आलं, हे सुरुवातीला खुद्द जवाहरलाल नेहरूंनाही उमजेना. 'मार्केट रिसर्च' केला असता तर ही कल्पना पहिल्याच बैठकीत बाद झाली असती!

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती कुठल्याच स्लाइडवर मी पाहिलेली नाही. २९ मार्चला यात्रा सुरत जिल्ह्यातल्या भटगामला होती. यात्रा यशस्वी होत होती, गर्दी वाढत होती, जगभर बातम्या जात होत्या. त्या संध्याकाळी गांधीजींनी भाषणात कुणाला झोडपलं असेल? आपल्याच माणसांना, आणि स्वतःला. यात्रेकरूंसाठी सुरतेहून मोटारलॉरीने दूध आणलं जात होतं, रात्रीच्या वाटचालीत एक मजूर डोक्यावर किटसनची जड बत्ती घेऊन धावत होता. हे पाहून ते म्हणाले त्याचा मतितार्थ असा, की आपणच गरिबाच्या जिवावर असा खर्च करणार असू तर व्हाइसरॉयच्या पगाराबद्दल बोलायचा आपल्याला काय अधिकार? आता सांगा, ऐन भरात असलेल्या 'कॅम्पेन'मध्ये स्वतःचीच अशी जाहीर चंपी कोण करतो? ज्याला 'इमेज' सांभाळायची आहे तो नक्कीच नाही.

गांधीजींना प्रसिद्धीचं तंत्र कळत नव्हतं असं मी म्हणत नाही. कुणी म्हटलं तर ते खोटं होईल. आयुष्यभर वर्तमानपत्रं चालवलेला माणूस तो. 'इंडियन ओपिनियन', 'यंग इंडिया', 'नवजीवन'. बातमी कशाने होते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि जगाची सहानुभूती हवी असं ते उघड म्हणत. पण प्रसिद्धी ही त्या कामाची वाहतूक होती. गाडी उत्तम होती म्हणून आत काय भरलंय हे बघायचंच नाही, असा प्रकार ह्या स्लाइडवाल्यांनी चालवलाय.

आत काय भरलं होतं? ४ मे च्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना उचललं आणि खटला न चालवता येरवड्याला ठेवलं. २१ मे ला धारासण्याच्या मिठागरावर लोक रांगेने पुढे जात राहिले, लाठ्या डोक्यावर घेत राहिले, हात कुणी उचलला नाही. वेब मिलर ह्या अमेरिकन बातमीदाराने तिथल्या तात्पुरत्या इस्पितळात ३२० जखमी मोजले. दोघं मेले. आपल्याकडे कोकणात शिरोड्याला आणि मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर त्याच महिन्यात लोकांनी मार खाल्ला.

आणि सोलापूर. गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि शहर पेटलं. गोळीबार झाला, पोलीस मारले गेले, मार्शल लॉ पुकारला गेला. पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. गांधीजी तेव्हा त्याच तुरुंगात होते. हे सगळं काही अहिंसेच्या चौकटीत बसणारं नव्हतं, म्हणूनच गुळगुळीत स्लाइडवर ते येत नाही. पण त्या वर्षाचा हिशोब मांडायचा तर ही नावं लिहावी लागतात.

बरं, 'रिझल्ट' तरी काय? मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात मिठाचा कर उठला नाही. जिथे मीठ तयार होतं तिथल्या गावकऱ्यांना घरच्यापुरतं मीठ करायची आणि गावात विकायची मुभा मिळाली, बस्स. कर जायला १९४७ उजाडलं. तिमाहीचे आकडे बघणाऱ्या कुठल्याही साहेबाने ही मोहीम 'फेल' म्हणून फाइल बंद केली असती.

हे सगळं विसरलं की काय होतं त्याचा दाखलाही आहे. २००९ साली माँ ब्लाँ ह्या कंपनीने गांधीजींच्या नावाने सोन्याचं निब असलेलं पेन काढलं. यात्रा २४१ मैलांची, म्हणून पेनं २४१. एकेकाची किंमत अकरा लाखांच्या घरात! प्रकरण केरळच्या हायकोर्टात गेलं आणि कंपनीला २०१० साली विक्री थांबवावी लागली. लोक तेव्हा कंपनीवर चिडले. मला विचाराल तर कंपनीने ब्रँडिंगचा धडा अगदी प्रामाणिकपणे गिरवला होता. गांधी हा ब्रँड असेल तर तो सोन्याच्या निबावर का नको? भटगामचं भाषण गाळलेल्या इतिहासातून असंच पेन निघणार.

तुम्ही म्हणाल, एवढं काय मनावर घ्यायचं? साबण विकणाऱ्यांनी दोन गोष्टी शिकल्या तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं, की आमच्या घरातली पंचवीस वर्षांची पोरं दांडीयात्रा पहिल्यांदा नीट ऐकतात ती ह्याच वर्गात. शाळेत ती पाच मार्कांची टीप होती आणि इथे ती विक्रीची युक्ती होते. मधलं काही नाहीच. मग एखाद्या अन्यायाविरुद्ध कुणी खरंच उपाशी बसला किंवा रस्त्यावर उतरला, तर त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो, "पब्लिसिटी स्टंट". इतिहासात त्यांना तेवढंच दाखवलंय, तर दुसरं काय दिसणार?

असो. पुढच्या वेळी कुणी अशी स्लाइड दाखवली, किंवा सकाळी सातला फॉरवर्ड आलं, तर एकच विचारा: ह्यात किंमत कुणी मोजली? उत्तर आलं तर मलाही कळवा. आणि काका, तुमचंही मत येऊ द्या. भांडू आपण, पण चहा माझ्याकडे.