वाळवंटातील पाळणा

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपल्याकडे म्हणतात. अरबी आखाताच्या किनाऱ्यावर संसार मांडणाऱ्या मराठी कुटुंबांना ही म्हण अक्षरशः लागू पडते. संयुक्त अरब अमिरातींत आज ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात. त्यांत मुंबई-पुण्याकडची, कोकणातली, गोव्यातली अशी मराठी कुटुंबे दुबई, शारजा व अबुधाबी या नगरांतून पसरली आहेत. ज्यांच्या घरी वर्षा-दोन वर्षांचे मूल खेळते आहे, त्या घरांच्या दिनक्रमाकडे पाहिले म्हणजे परदेशी बिऱ्हाड म्हणजे काय, याचा खरा उलगडा होतो.

१८३४ नंतर मुंबई बंदरातून मॉरिशसला निघालेल्या करारबद्ध मजुरांमध्येही कडेवर मूल घेतलेल्या माता होत्या. स्त्रिया फार थोड्या जात, म्हणून पुढे प्रत्येक जहाजावरील त्यांचे किमान प्रमाण सरकारला ठरवून द्यावे लागले. त्या मातांना परतीची वाट धूसर होती. पण ज्या भूमीवर त्या उतरल्या, ती त्यांच्या नातवंडांची मायभूमी झाली. अमिरातीतील आजच्या मातेची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. मुंबईचे विमान तिला सवातीन तासांत घरी पोहोचवते, मात्र ज्या नगरात तिचे मूल पहिले पाऊल टाकते, ते नगर त्या मुलाचे होत नाही.

अमिरातीत जन्म झाला म्हणून तेथील नागरिकत्व मिळत नाही. जन्माचा दाखला हाती आला की धावपळ सुरू होते. परदेशी जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत करावी, असे भारताचा नागरिकत्वाचा कायदा सांगतो. अमिरातीचे सरकार मात्र इतके थांबत नाही. जन्मापासून १२० दिवसांच्या आत बाळाचा निवास परवाना व्हावा लागतो आणि त्यासाठी आधी पारपत्र लागते. पारपत्रासाठी छायाचित्र हवे, तेही डोळे उघडे असलेले. दिवसातले अठरा तास झोपणाऱ्या जीवाला या एका क्षणापुरते जागे ठेवण्यासाठी आई, बाप आणि छायाचित्रकार असे तिघे टाळ्या वाजवीत उभे असतात.

परवाना काढावयाचा तर कमावत्या पालकाची मिळकत दरमहा निदान ४,००० दिरहाम असली पाहिजे, किंवा ३,००० दिरहाम आणि राहण्याची जागा. पूर्वी मिळकतीबरोबर हुद्दाही पाहिला जाई. २०१९ पासून ती अट गेली. मुलाचा परवाना पालकाच्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सुटली की ठराविक मुदतीत दुसरी शोधावी, नाहीतर पाळणा, बाबागाडी, बाहुल्या यांसह सारे बिऱ्हाड आवरावे. म्हणून या घरांतून सामान बेताचे असते. भिंतीला खिळा ठोकताना गृहस्थ दोनदा विचार करतो.

बाळंतपणाला सासू किंवा आई भेटीच्या परवान्यावर येते, ती महिना-दोन महिन्यांपुरती. तिच्या पेटीत अळीव, डिंक, खारीक, वेखंड असते. खसखस मात्र गावीच ठेवावी लागते, कारण अमिरातीत ती निषिद्ध मानली आहे. खसखशीवाचून डिंकाचे लाडू ही कल्पना जुन्या बायकांना रुचत नाही, पण त्या निमूटपणे वळतात. खाजगी नोकरीतील स्त्रीला तेथे ६० दिवसांची बाळंतपणाची रजा मिळते. त्यांतले ४५ दिवस पूर्ण पगारी व १५ अर्ध्या पगाराचे. भारतात २०१७ पासून २६ आठवडे मिळतात, हे लक्षात घेतले म्हणजे दोन महिन्यांच्या तान्ह्याला पाळणाघरात सोडून कचेरीची वाट धरणाऱ्या मातेची अवस्था कळते. आजीची मुदतही त्याच सुमारास संपते.

मग मूल ज्यांच्या हाती वाढते, त्यांची भाषा ते उचलते. पाळणाघरात इंग्रजी, सांभाळणारी केरळची असेल तर मल्याळम, फिलिपिन्सची असेल तर तिचे इंग्रजी, इमारतीच्या पहारेकऱ्याशी हिंदी. आणि २०२५ पासून दुबईच्या खाजगी बालशाळांतून अरबीही शिकवू लागले आहेत. दोन वर्षांचे मूल पाण्याला ‘वॉटर’ म्हणते आणि चंद्र दिसला की ‘चांदोबा’ म्हणून बोट करते. ज्या गोष्टी आईबापांसोबत रात्री पाहिल्या, त्यांची नावे मराठी राहिली. ज्या दिवसा पाहिल्या, त्यांची बदलली. मॉरिशसमध्ये घरी क्रेओल आणि सणाला मराठी अशी जी वाटणी झाली, तिचा आरंभ कसा झाला असेल, हे या घरांतून डोळ्यांसमोर दिसते. अमिरातीतील आईबापांना एक सोय अधिक आहे. रोज संध्याकाळी गावची आजी काचेच्या पडद्यावर येऊन गोष्ट सांगते. व्हॉट्सॲपवरून ध्वनी वा चित्र संभाषण तेथे सहसा चालत नाही, म्हणून बोटिमसारखी परवानगी असलेली साधने वापरतात. आजीला ते नाव नीट उच्चारता येत नाही, पण बटण बरोबर सापडते.

लहान मुलाला घेऊन हिंडावयाचे तर ऋतू पाहावा लागतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढतो. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे. मजुरांना जेथे बंदी, तेथे बालकाची काय कथा! त्या महिन्यांत बाबागाडी थंडगार बाजार-इमारतींतून फिरते आणि दुबई मॉलमधील मत्स्यालयाच्या काचेला नाक लावून मुले शार्क मासे पाहतात. नोव्हेंबर उजाडला की ही कुटुंबे बंदिवासातून सुटल्यासारखी बाहेर पडतात. २०२२ पूर्वी सुट्टी शुक्रवार-शनिवारची असे, आता ती शनिवार-रविवारची झाली आहे. चार वर्षांखालील मुलाला मोटारीत स्वतंत्र बालआसन लागते, असा २०१७ पासूनचा नियम आहे. गावी मांडीवर बसून हिंडणाऱ्या पोराला तो पट्टा म्हणजे शिक्षाच वाटते.

अल ऐनचे मरूद्यान मुलांना विशेष आवडते. खजुरीच्या दाट सावलीतून जुन्या ‘फलज’ पद्धतीच्या पाटांचे पाणी वाहते आणि कोकणातल्या माणसाला आपल्या बागेतले पाट आठवतात. रास अल खैमाकडील जेबेल जैसचा पहाड १,९०० मीटरांहून उंच. तेथे गेल्यावर कित्येक मुलांना आयुष्यात प्रथमच स्वेटर चढवावा लागतो. अबुधाबीत २०१७ साली उघडलेले लूव्र संग्रहालय फ्रान्सशी झालेल्या करारातून उभे राहिले. फ्रेंच भाषेशी परिचित असलेल्या मॉरिशसच्या वाचकांना त्याचे नाव नवे नाही. अठरा वर्षांखालील मुलांना तेथे प्रवेशमूल्य नाही. १८० मीटर व्यासाच्या जाळीदार घुमटातून उन्हाचे कवडसे फरशीवर पडतात. आईबाप प्राचीन मूर्ती पाहत असतात आणि मूल ते कवडसे मुठीत पकडू पाहते. तिकिटाचे चीज कोणी अधिक केले, हे सांगणे कठीण!

सर्वांत मोठा प्रवास मात्र गावचा. दोन वर्षांखालील मुलाला विमानात मांडीवर बसवून नेता येते व त्याचे भाडे प्रौढाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतके असते. म्हणून दुसरा वाढदिवस येण्यापूर्वी एकदा गावी जाऊन कुलदैवताचे दर्शन, जावळ, आजोळची भेट सारे उरकण्याचा घाट घातला जातो. करारबद्ध मजुरांच्या जहाजांवरही दहा वर्षांखालील दोन मुले मिळून एक प्रौढ धरीत. मुलांचा हिशेब करण्याची कंपन्यांची रीत जुनीच म्हणावयाची. विमान उतरताना कानाला दडे बसून मूल रडते. त्या वेळी त्याला पाजावे, म्हणजे गिळण्याने कान मोकळे होतात.

देवधर्माची सोय आता पूर्वीहून पुष्कळ बरी आहे. बर दुबईतील कृष्णमंदिर १९५८ पासूनचे. २०२२ साली जेबेल अली येथे मोठे मंदिर उघडले आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजी, वसंतपंचमीला, अबुधाबीजवळ अबू मुरेखा येथे राजस्थानी गुलाबी दगडाचे स्वामिनारायण मंदिर उभे राहिले. त्याची सात शिखरे सात अमिरातींची. तरीही बालकाच्या आठवणीत राहतो तो घरचा गणपती, ज्याचे विसर्जन न्हाणीघरात बादलीत होते. दुसऱ्या दिवशी बादलीत डोकावून बाप्पा कुठे गेला, असे ते विचारते.

हे सारे ज्यांना परवडते, त्यांच्याविषयी झाले. दुबईच्या एका मजूरवस्तीला सोनापूर म्हणतात. मुंबईच्या मराठीत सोनापूर म्हणजे स्मशान. मराठी कानाला ते नाव खटकल्यावाचून राहत नाही. तेथील बाप वरील मिळकतीच्या रेषेखाली असतो. त्याचे मूल गावी वाढते आणि त्याला ते दोन वर्षांनी एकदा भेटते. भेटते तेव्हा पहिले दोन दिवस त्याच्याजवळ येत नाही, आणि चार दिवस अंगाखांद्यावर खेळू लागते तोच रजा संपते. संसार जवळ असण्याचा हक्क पगाराच्या आकड्यावर ठरावा, ही गोष्ट न्याय्य म्हणता येत नाही. मळ्यांतील जिणे हलाखीचे होते, शिक्षा क्रूर होत्या, हे आप्रवासी घाटाच्या पायऱ्या पाहणाऱ्यास सांगावयास नको. पण ज्याच्या झोपडीत संध्याकाळी मूल रांगत होते, त्या मजुराजवळ सोनापूरच्या बापापाशी नसलेली एक वस्तू होती.

मॉरिशस आणि अमिराती यांची घड्याळे एकच वेळ दाखवतात आणि मायदेशच्या यात्रेला निघालेली मॉरिशसची कित्येक कुटुंबे दुबईच्या विमानतळावर विसावतात. हाती सहा-सात तास आणि कडेवर मूल असेल, तर मेट्रोने अल घुबैबा स्थानक गाठावे. मेट्रोत स्त्रिया व मुलांसाठी वेगळा डबा असतो. तेथून एका दिरहामात ‘अब्रा’ नावाची लाकडी होडी खाडीपलीकडे देऱ्यास नेते. बसावयाचे ते मधल्या बाकावर, पाण्याकडे तोंड करून. होडीला कठडा नसतो, तेव्हा मुलाला मांडीवर घट्ट धरावे.