वेगाच्या आकड्यामागचे गणित

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात इंटरनेटची सार्वजनिक सेवा सुरू केली, तेव्हा घरच्या दूरध्वनीवरून मिळणारा वेग होता ९.६ केबीपीएस. मोडेमचा चिरका आवाज संपून जोडणी मिळाली की घरातला फोन गुंतलेला राही आणि बिल चढत असे. पुढे २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस ही किमान मर्यादा ठरवली. जानेवारी २००५ पासून बीएसएनएलची ‘डाटावन’ आणि मुंबईत एमटीएनएलची ‘ट्रायबँड’ मध्यमवर्गीय घरांत शिरली. रात्री २ ते सकाळी ८ या वेळेत मोजदाद नसलेल्या योजना त्या काळी लोकप्रिय होत्या. २५६ केबीपीएसने ७०० एमबीचा चित्रपट उतरवून घ्यायला सहा तासांहून किंचित अधिक वेळ लागे, म्हणजे ती सवलतीची रात्र एका चित्रपटातच संपे! पण घरातील कर्त्या माणसाला आपण काय विकत घेतो आहोत, हे तेव्हा नेमके ठाऊक होते.

आज तसे म्हणता येईल का? जाहिरातीत १००, २००, ३०० असे आकडे झळकतात आणि त्यांच्या मागे ‘पर्यंत’ हा शब्द बारीक अक्षरांत उभा असतो. शिवाय हे आकडे मेगाबिटचे असतात आणि फाइलचे माप मेगाबाइटमध्ये असते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ३० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला पावणेचार एमबी उतरतात. ते थोडे आहेत असेही नाही. तोच ७०० एमबीचा चित्रपट आता सुमारे तीन मिनिटांत येतो.

मुळात घराची गरज किती? दूरचित्रवाणीच्या पडद्यावर फुल एचडी दर्जाचे चित्र पाहण्यास साधारण ५ एमबीपीएस पुरतात, ‘फोर के’ दर्जास १५. चौघांच्या घरात एक चित्रपट, एक ऑनलाइन वर्ग आणि एक कार्यालयीन बैठक एकाच वेळी चालली, तरी ३० एमबीपीएसची मर्यादा क्वचितच ओलांडली जाते. सप्टेंबर २०२०मध्ये जिओने ३० एमबीपीएसची फायबर योजना ३९९ रुपयांना आणली. त्याच सुमारास बीएसएनएलने तेवढ्याच वेगासाठी ४४९ रुपये ठेवले. जिओची १५० एमबीपीएसची योजना तेव्हा ९९९ रुपयांची होती. १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला, तर ४४९ आणि ९९९ यांतील फरक वर्षाकाठी ७,७८८ रुपये होतो. या योजनांना महिन्याला सुमारे ३,३०० जीबीची मर्यादा होती. ती संपवायला दोन दूरचित्रवाणी संच अहोरात्र चालू ठेवले तरी महिना पुरत नाही. मोठा वेग घेऊनही शेजारच्या खोलीत चित्र अडखळते, तेव्हा दोष बहुधा तारेचा नसतो. जुन्या राउटरचा आणि मधल्या भिंतींचा असतो. वरचे सात हजार कंपनीला देण्याऐवजी त्यांतला थोडा भाग चांगल्या राउटरवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे.

तारांच्या जातीही जाणून घ्याव्यात. तांब्याच्या तारेवरचा डीएसएल टेलिफोन केंद्रापासून जितका दूर जाईल तितका मंदावतो. केबलवाल्याची जोडणी गल्लीत वाटून घेतलेली असते. रात्री नऊला सगळे घरी आले की तिचा कस लागतो. फायबरही वाटूनच मिळते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. प्रचलित जीपॉन पद्धतीत सुमारे अडीच हजार एमबीपीएसचा एक प्रवाह ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो. चौसष्ट घरांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली, तर वाट्याला चाळिसाच्या आतच येतील. तसे सहसा घडत नाही, आणि म्हणूनच शंभरांची विक्री शक्य होते. यात फसवणूक नाही. परंतु गर्दीच्या वेळी किमान किती मिळेल, हेही जाहिरातीत तेवढ्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती व्हायला हवी.

सप्टेंबर २०२३मध्ये जिओने ‘एअरफायबर’ आणले, तेव्हा ५९९ रुपयांत ३० एमबीपीएस आणि महिन्याला एक हजार जीबी मिळत होते. तार ओढावी लागत नाही, ही तिची मोठी सोय. पण जवळ तार असताना हवेवर अवलंबून राहणे म्हणजे तोच वेग अधिक दाम मोजून घेणे होय. उपग्रहाचा पर्याय दुर्गम पाड्यांसाठी राखून ठेवावा. शहरी घराला त्याचे प्रयोजन नाही.

खरी चिंता निराळीच आहे. पुण्या-मुंबईच्या इमारतीत चार कंपन्यांचे प्रतिनिधी दार ठोठावतात आणि कोकणातल्या वाडीत एकही फिरकत नाही. २०२०च्या पावसाळ्यात शाळा घरात आल्या आणि रेंज मिळावी म्हणून मुलांनी टेकडीवर आडोसे उभारले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि कित्येक गावांची वीज दिवसेंदिवस गेली. तांब्याच्या तारेवरचा जुना फोन केंद्राच्या बॅटरीवर चाले, त्यामुळे घरात अंधार असला तरी तो वाजू शके. फायबरच्या यंत्राला मात्र घरची वीज लागते. नव्या तंत्राने दिलेला वेग सगळे सांगतात. त्याने काढून घेतलेली ही सोय कोणी सांगत नाही. किनाऱ्यावरील घरांनी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला, तर दोन-चार तासांची तरी बेगमी होते.

ऑक्टोबर २०११मध्ये मंजूर झालेली आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाणारी योजना प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्यासाठी आहे. ऑगस्ट २०२३मध्ये तिच्या सुधारित आराखड्यास १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर झाले. परंतु पंचायतीच्या कचेरीपासून शेवटच्या घरापर्यंतचे अर्धा-पाऊण किलोमीटर अंतर हेच सर्वांत अवघड ठरते. रस्त्याच्या खोदाईत तुटलेली तार जोडणार कोण आणि किती दिवसांत, याचे उत्तर गावकऱ्याला मिळत नाही. अशा योजनेचे यश किती किलोमीटर तार पुरली यावर मोजण्यात अर्थ नाही. गावातील किती घरांत काल रात्री नऊ वाजता जोडणी चालू होती, हा आकडा दर महिन्याला ग्रामसभेसमोर ठेवला जावा. तो ठेवायला वेगळा निधी लागत नाही. जोडण्यांची नोंद यंत्रणेत आपोआप होतच असते.