सुदानची पेंढारशाही

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची घुमटाची मुख्य इमारत पुणेकर पाहुण्यांना अभिमानाने दाखवितात. परंतु तिला ‘सुदान ब्लॉक’ हे नाव का पडले, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनात येतो. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या फौजांशी लढताना सुदानच्या रक्षणार्थ जे हिंदी जवान कामी आले, त्यांच्या स्मरणार्थ तेथील सरकारने १९४१ साली एक लक्ष पौंडांची देणगी दिली. फाळणीनंतर त्यांतील सत्तर हजार पौंड भारताच्या वाट्यास आले व त्यांतून ही वास्तू उभी राहिली. १९५३ साली सुदानात सार्वत्रिक निवडणूक झाली, तीही आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या देखरेखीने. १ जानेवारी १९५६ रोजी स्वतंत्र झालेल्या या देशाशी आपला असा जुना ऋणानुबंध आहे. तेथील कत्तलींच्या वार्ता वाचून ‘आफ्रिकेत हे असे चालायचेच’ म्हणत पान उलटणे आपणांस शोभत नाही. आणि ते खरेही नाही.

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी, सुमारे दीड वर्षाच्या वेढ्यानंतर, दार्फूर प्रांतातील अल् फाशर हे शहर ‘जलद साहाय्य दल’ या निमलष्करी सैन्याच्या हाती पडले. पाठोपाठ जे घडले त्याचे वर्णन करावयास लेखणी धजत नाही. तेथील प्रसूतिगृहात रुग्ण व त्यांचे सोबती मिळून ४६० हून अधिक लोक मारले गेल्याचे वृत्त जागतिक आरोग्य संघटनेने दिले. तत्पूर्वी अवघे वीस दिवस आधी, ६ ऑक्टोबर रोजी, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अली कुशायब या टोळीप्रमुखास २००३-०४ सालच्या दार्फूरमधील अत्याचारांबद्दल सत्तावीस आरोपांखाली दोषी ठरविले होते. न्यायदेवतेला हेग नगरीत पोहोचण्यास वीस वर्षे लागली. आणि ती पोहोचते न पोहोचते तोच त्याच प्रांतात, त्याच टोळ्यांच्या वारसांनी, त्याच जमातींवर पुन्हा शस्त्र उगारले.

हा वंशावंशांतील आदिम वैराचा प्रकार आहे, असे पुष्कळांस वाटते. काहींना तो धर्मयुद्धाचा भास होतो. वस्तुतः दार्फूरमध्ये मारणारे आणि मरणारे दोघेही मुसलमानच आहेत. अरब टोळ्या व फूर, मसालीत, झगावा आदि जमाती यांच्यात पाण्यावरून आणि कुरणांवरून तंटे होत, हे खरे; पण त्या तंट्यांचे कत्तलीत रूपांतर होण्यास सरकारी हात लागला. २००३ साली दार्फूरमध्ये बंड झाले तेव्हा ओमर अल् बशीर यांच्या लष्करी राजवटीने स्वतःचे सैन्य पुरे पडेना म्हणून ‘जंजावीद’ नावाच्या घोडेस्वार टोळ्यांना शस्त्रे दिली आणि मोकळे रान दिले. इतिहास शिकविण्यात आमची काही वर्षे गेली. पेंढारी कोण, असे मुले विचारीत तेव्हा आम्ही सांगत असू की, ज्यांना पगार नाही पण लुटीची मुभा आहे असे सैन्य. जंजावीदांस ही व्याख्या बऱ्याच अंशी लागू पडते. फरक इतकाच की, आपल्याकडील पेंढारी बहुतांशी अखेरपर्यंत पेंढारीच राहिले. सुदानात मात्र २०१३ साली त्यांना गणवेष मिळाला आणि २०१७ साली संसदेने कायदा करून त्यांना प्रतिष्ठाही दिली. एके काळी उंटांचा व्यापार करणारा त्यांचा नायक महंमद हमदान दगालो, ऊर्फ हेमेती, सोन्याच्या खाणींचा धनी आणि राष्ट्राचा सेनानी झाला.

२०१९ सालच्या एप्रिलमध्ये जनतेच्या प्रचंड उठावापुढे बशीर यांची तीस वर्षांची सत्ता कोसळली. परंतु आमच्या मते सुदानच्या आजच्या दुर्दशेचे मूळ त्यानंतरच्या तडजोडीत आहे. ३ जून रोजी खार्टूममध्ये निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, शंभरांहून अधिक लोक प्राणास मुकले. आणि दोनच महिन्यांनी, त्या रक्ताचा जाब न विचारता, जगाच्या आग्रहावरून त्याच सेनानींशी सत्तावाटपाचा करार झाला. सेनापती बुरहान सर्वोच्च मंडळाचे अध्यक्ष, हेमेती त्यांचे साहाय्यक, आणि अब्दल्ला हमदोक हे सज्जन अर्थतज्ज्ञ पंतप्रधान! २५ ऑक्टोबर २०२१ रोजी दोघा सेनानींनी मिळून हमदोकांचे सरकार उलथून टाकले. मग उरला तो दोघांतला हिशेब. हेमेतीचे दल लष्करात दोन वर्षांत विलीन व्हावे असे लष्कराचे म्हणणे, तर दहा वर्षे हवीत असे हेमेतीचे. १५ एप्रिल २०२३ रोजी या वादाचा निकाल खार्टूमच्या रस्त्यांवर तोफांनी सुरू झाला. त्यातून एक कोटीहून अधिक माणसे बेघर झाली. आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अंदाजानुसार त्या एका वर्षात एकट्या अल् जनीना शहरात दहा ते पंधरा हजार लोक मारले गेले.

लष्कराची बाजू न्यायाची आहे असा याचा अर्थ नव्हे. बाजारपेठांवर बाँब टाकणे आणि अन्नधान्याची वाट अडविणे ही त्याचीही शस्त्रे आहेत. दोन्ही पक्षांनी युद्धगुन्हे केल्याचा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०२४ साली काढला आहे. शिवाय हे युद्ध केवळ सुदानी पैशावर चाललेले नाही. तेथील सोने दुबईच्या बाजारात जाते. संयुक्त अरब अमिरातीकडून हेमेतीला शस्त्रे मिळतात हा आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी विश्वासार्ह मानला. अमिरातीने तो सतत नाकारला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मे २०२५ मध्ये सुदानचा दावा फेटाळला तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर, आरोपाच्या खरेखोटेपणावर नव्हे. दुबईच्या सोन्याचे आपल्याकडे कौतुक फार. त्यातील काही कोणत्या खाणीतून आले, हे लग्नसराईत कोण विचारतो!

१२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिका, सौदी अरेबिया, इजिप्त व अमिराती या चौघांनी एक योजना मांडली: तीन महिने युद्धविराम, मग नऊ महिन्यांत मुलकी राजवट. योजना कागदावर चांगली आहे. तथापि मध्यस्थांपैकी एकावर एका पक्षास शस्त्रे पुरविल्याचा आरोप, तर इजिप्त दुसऱ्या पक्षाचा पाठीराखा. अशा पंचांपुढे दोघे सेनानी पुन्हा समोरासमोर बसले, तर २०१९ चाच करार नव्या मजकुराने लिहिला जाईल, ही आमची भीती आहे. युद्धाच्या काळात खार्टूमच्या गल्लीगल्लींतून ज्या तरुणांनी सामुदायिक चुली पेटवून शेजाऱ्यांना जगविले, जखमींची शुश्रूषा केली, त्यांच्या मदत समित्या याच देशात आहेत. वाटाघाटींत त्यांना मात्र कोणी बोलावीत नाही.

२०२३ साली ‘ऑपरेशन कावेरी’द्वारा आपल्या सरकारने तेथून तीन हजार आठशेहून अधिक भारतीयांना सुखरूप आणले, हे उत्तम झाले. आपले लोक परत आले म्हणून विषय संपत नाही. संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी २००४ सालापासून आहे, पण ती दार्फूरपुरतीच. ती संपूर्ण सुदानला लागू करावी आणि तडजोडीत त्या नागरिक समित्यांना स्थान मिळावे, या दोन मागण्यांस भारताने उघडपणे पाठिंबा दिला पाहिजे. पुण्याच्या महाविद्यालयांतून शिकून गेलेले कितीतरी सुदानी विद्यार्थी त्याच शहरांत राहणारे होते.