ऐकल्याशिवाय निकाल नको

प्रिय विद्यार्थी मित्रांनो, पालकहो आणि मानाची विश्वस्त मंडळी,



या पानावर आम्ही नेहमी परीक्षा, शिस्त, मराठी वाचन असल्या विषयांवर लिहितो. या वेळी विषय आहे बीटीएस, म्हणजे दक्षिण कोरियातील सात तरुणांचा गायकसंच. ‘प्राचार्यांना या वयात हे काय सुचले?’ असे बऱ्याच जणांच्या मनात येईल. कारण सांगतो. आमच्या हातून एक चूक झाली आहे आणि ती सर्वांसमोर झाली, म्हणून कबुलीही सर्वांसमोर द्यायला हवी.

मागच्या स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या वेळी नववीच्या मुलींनी बीटीएसच्या एका गाण्यावर कार्यक्रम बसवण्याची परवानगी मागितली. आम्ही सभागृहात, सगळ्या वर्गांसमोर म्हणालो, “हे गाणे नाही, गोंगाट आहे. ज्यांना गाता येत नाही ते नाचतात.” मुले हसली, आम्हालाही आपण फार चांगले बोललो असे वाटले. त्या मुलींपैकी एक रोज सकाळी प्रार्थनेला पेटी वाजवायची. दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या रांगेत जाऊन उभी राहू लागली. विचारले, तर “बोट दुखते आहे” एवढेच उत्तर. बोट दोन महिने दुखत राहिले.

मग एके दिवशी आमच्या संगीत शिक्षिकांनी त्या मुलीची वही टेबलावर आणून ठेवली. तिने बीटीएसचे ‘स्प्रिंग डे’ हे गाणे सा रे ग म मध्ये उतरवून काढले होते. कोरियन शब्द देवनागरीत, खाली स्वर, त्याखाली मात्रा, आणि कोणता गायक कुठे उचलतो त्याच्या खुणा. खोडाखोड पुष्कळ होती. शिक्षिका म्हणाल्या, “मी शिकवलेली एकही बंदिश हिने इतक्या मन लावून लिहिलेली नाही.” ती वही पाहून आम्हाला लाज वाटली. ज्या गोष्टीवर आम्ही निकाल देऊन बसलो होतो, ती आम्ही पाच मिनिटेसुद्धा ऐकलेली नव्हती.

त्यानंतरच्या सुटीत आम्ही ऐकले. आधी कर्तव्य म्हणून, मग उत्सुकतेने, आणि शेवटी आवडीने. घरचे हसले, हसू देत. आज आम्ही या संचाचे चाहते आहोत आणि चाहत्याच्या नात्यानेच त्यांची बाजू मांडणार आहोत. जे आक्षेप आम्ही घेतले होते आणि जे पालक-सभेत ऐकू येतात, ते एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप, “ही कंपनीने साच्यातून काढलेली पोरे आहेत.” हे अर्धे खरे आहे. बांग शी-ह्योक या संगीतकाराच्या कंपनीने ही मुले निवडली, काही वर्षे तयारी करून घेतली, आणि 13 जून 2013 रोजी ती प्रथम लोकांपुढे आली. पण कंपनीत घडणे हा दोष असेल, तर आपल्या नाट्यसंगीताचे काय करायचे? बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळीत घडले. मास्टर दीनानाथ कोवळ्या वयात त्याच मंडळीत गेले आणि 1918 साली त्यांनी बलवंत संगीत मंडळी काढली. त्यांचीच कन्या लताबाई आपल्या या इंदूर शहरात 1929 साली जन्मल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. नाटक मंडळीत मुलांना घेऊन त्यांच्याकडून गाणे, चालणे, बोलणे सगळे घोटवून घेत. कोरियन कंपनीची शिस्तही अशीच कडक आहे. तालीम कुठे झाली यावरून गुण ठरत नाहीत, तालमीतून काय निघाले ते पाहायचे.

आणि इथे साच्याबाहेरचेही पुष्कळ निघाले. या सातांपैकी आरएम, शुगा आणि जे-होप हे तिघे रॅप करतात, तर जिन, जिमिन, व्ही आणि जंगकुक हे चौघे गातात. शुगा देगू शहरातला. कंपनीत येण्याआधी, शाळकरी वयातच, तो चाली रचत होता. पुढे त्याने दुसऱ्यांसाठीही गाणी केली. आयू या गायिकेचे 2020 मधले ‘एट’ आणि साय या गायकाचे 2022 मधले ‘दॅट दॅट’ ही दोन्ही त्याच्या हातची. साच्यातली मूर्ती दुसऱ्या मूर्ती घडवत नाही.

दुसरा आक्षेप आमचाच, “गाता येत नाही म्हणून नाचतात.” हे वाक्य आम्ही, आषाढीला कीर्तन ऐकणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाने, बोलावे याचे आज नवल वाटते. आपला कीर्तनकार उभा राहून, पाय नाचवीत, हातात झांजा घेऊन गातो. लावणी तर पायांशिवाय पुरीच होत नाही. नाचताना श्वास सांभाळून सुरावर राहणे किती कठीण आहे, ते पटांगणाला एक फेरी मारून वंदे मातरम् म्हणून पाहा, म्हणजे कळेल.

तरीही कोणाला नुसते गाणे ऐकायचे असेल, तर तशीही सोय आहे. सप्टेंबर 2020 मध्ये अमेरिकेच्या एनपीआर या रेडिओ संस्थेच्या ‘टायनी डेस्क’ मालिकेत हे सातजण गायले. आग नाही, धूर नाही, मोठे नाच नाहीत. मागे वादक आणि पुढे सात आवाज. त्यात ‘स्प्रिंग डे’ ऐका. हे गाणे 2017 चे, दुरावलेल्या मित्राची वाट पाहण्याचे. सात आवाजांचे सात रंग वेगळे कळतात. जिमिनचा आवाज उंच आणि रेशमासारखा पातळ, व्हीचा खर्जाकडे झुकणारा आणि जरा धुरकट, जंगकुकचा सरळ आणि स्वच्छ, जिनचा वरच्या पट्टीत भरून येणारा. एक जण ओळ सोडतो तिथून दुसरा ती उचलतो आणि मध्ये सांधा दिसत नाही. आमच्या विद्यार्थिनीने वहीत ज्या खुणा केल्या होत्या, त्या याच सांध्यांच्या होत्या.

तिसरा आक्षेप, “त्यांच्या संगीतात त्यांचे स्वतःचे काय आहे? सगळी अमेरिकेची नक्कल.” रॅप हा प्रकार अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांतून आला, यात शंका नाही. पण 2018 मधले ‘आयडॉल’ हे गाणे घ्या. त्याचा ठेका आफ्रिकेतल्या नृत्यसंगीताकडे झुकतो, आणि त्यातच जांगू या कोरियन वाद्याचे बोल तोंडाने म्हटलेले आहेत. जांगू म्हणजे मध्ये बारीक आणि दोन्ही तोंडांना चामडे असलेला ढोल. त्याचेही बोल असतात. दोन्ही बाजूंचा एकदम आघात म्हणजे ‘दंग’ आणि नुसत्या डाव्या बाजूचा म्हणजे ‘कुंग’. आपल्याकडे ‘धा’ दोन्ही हातांचा आणि ‘घे’ डग्ग्याचा असतो, तसेच हे. हे समजल्यावर आम्ही खुर्चीवरून उठून आमच्या तबलावादक शेजाऱ्यांना हाक मारली. त्यांनी ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितले आणि म्हणाले, “साहेब, हे तर आपल्यातलेच निघाले!”

त्याच वर्षी 1 डिसेंबरला सोलमधल्या एका पुरस्कार समारंभात याच गाण्याआधी जे-होपने पारंपरिक ढोलांचा नाच, जिमिनने पंख्यांचा नाच आणि पुढे जंगकुकने मुखवट्यांच्या नाचाचा भाग सादर केला. शुगाने 2020 मध्ये ‘देच्विता’ नावाचे गाणे केले. देच्विता म्हणजे कोरियाच्या राजांच्या मिरवणुकीत वाजणारे जुने संगीत, आणि तेच त्याने रॅपच्या खाली वापरले. आपल्या जवळच देवासला कुमारजींनी माळव्याची लोकगीते ऐकून त्यांच्या धुनांतून नवे राग उभे केले. तुलना आम्ही करत नाही, पातळी निराळी आहे. पण अंगणातले उचलून जगापुढे नेण्याची हिंमत ओळखीची वाटते.

आता जी गोष्ट आमच्या सर्वांत जवळची आहे, ती सांगतो. 2013 मध्येच, पहिल्या वर्षात, या मुलांनी एक रॅप केला तो प्रांताप्रांतांच्या बोलींवर. देगूचा शुगा ग्योंगसांग प्रांताच्या बोलीत बोलतो, ग्वांगजूचा जे-होप जोल्ला प्रांताच्या. दोघांची जुगलबंदी चालते, आणि सोलजवळ वाढलेला आरएम त्यात प्रमाण भाषेची बाजू सांभाळतो. या बोलींना सोलमध्ये गावंढळ समजून हसणारे असतातच.

आमचे पदवीपर्यंतचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी घरात आणि गणेशोत्सवात, तेवढीच. तरुणपणी एका प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलो असता आम्ही सहज म्हणालो, “आम्ही चहा पिऊन राहिलो आहोत.” समोरच्या मंडळींना हसू आवरेना. त्यानंतर महिनाभर आम्ही तिथे हिंदीतच बोललो. ज्या भाषेवर इतके प्रेम, तीच बोलायची चोरी झाली. त्या कोरियन मुलांनी आपल्या बोलीची लाज बाळगली नाही, तिची लय पकडली आणि तिचे गाणे केले. बोलीची लय ऐकू येणे हीसुद्धा संगीताचीच समज आहे. पुढे डिसेंबर 2020 मध्ये त्यांचे ‘लाइफ गोज ऑन’ हे बहुतांशी कोरियन भाषेतले गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आले. मुख्यतः कोरियन भाषेतले गाणे असे आल्याची ही पहिलीच वेळ होती. जिथे मराठी अल्पसंख्य आहे अशा गावात मराठी शाळा चालवणाऱ्या आम्हा सर्वांना यात काही घेण्यासारखे आहे.

चाहते झालो म्हणून आंधळे झालो नाही. त्यांचे सर्वांत गाजलेले ‘डायनामाइट’ हे इंग्रजी गाणे त्यांनी लिहिलेले नाही. ते दोन ब्रिटिश गीतकारांचे आहे, आणि आमच्या मते ते त्यांचे सर्वांत चांगले गाणेही नाही. ध्वनिमुद्रणात यंत्राने आवाज घासूनपुसून घेतला जातो, तोही इथे आहे. काही गाणी नुसती चमकदार आहेत. आणि काही चाहते, विद्यार्थी मित्रांनो, टीकेचा एक शब्द निघाला की भांडायला उठतात, तेही बरे नव्हे. ज्याला आपल्या आवडीची उणीव सांगता येते, त्याचीच आवड खरी.

“चार दिवसांची लाट आहे, ओसरेल” असेही म्हणतात. 2013 पासून तेच सात जण एकत्र आहेत. 2022 पासून प्रत्येकाने स्वतंत्र गाणी काढली. मध्ये देशाच्या नियमाप्रमाणे सक्तीची सेवा केली, ती जून 2025 पर्यंत सर्वांची पुरी झाली. वेगळे झाल्यावर सातही जणांची चव वेगळी निघाली. नुसता मुखवटा असता, तर वेगळे होताच हाती काही उरले नसते.

पालकहो, आपली काळजी आम्ही समजतो. रात्री जागून पडद्याकडे पाहणे, पैसे उधळणे, अभ्यास बुडवणे यांना आमचाही विरोध आहे आणि राहील. पण वेळेचा हिशेब मागणे निराळे आणि मुलाच्या कानाचा अपमान करणे निराळे. या संचाची पहिली गाणी कशावर होती, ठाऊक आहे? शाळा, क्लास आणि परीक्षा यांत दबलेल्या मुलांवर. ‘तुझे स्वतःचे स्वप्न कोणते?’ असा प्रश्न त्यांत आहे. भंवरकुआंच्या कोचिंगच्या गर्दीतून आपल्या मुलांना रोज ने-आण करणाऱ्या आपल्याला तो प्रश्न परका वाटू नये.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. येत्या स्नेहसंमेलनात या मुलींचा कार्यक्रम ठेवण्याचा प्रस्ताव आम्ही मांडत आहोत. अट एवढीच, की गाण्याआधी त्यांनी त्याचा अर्थ स्वतःच्या मराठीत, पाठ्यपुस्तकाच्या नव्हे, सांगायचा. शिवाय जो वर्ग आपल्या इंदुरी मराठीत स्वतः रॅप रचून आणील, त्याला मंचावर पाच मिनिटे मिळतील. बैठकीच्या दिवशी अर्धा तास आधी या, संगीत खोलीत आपण तीन गाणी एकत्र ऐकू. मग नाही म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा, पण ऐकून म्हणा.

राहता राहिली ती मुलगी. तिला आम्ही आमच्या खोलीत नाही, सभागृहातच, सगळ्यांसमोर म्हणालो, “बाळ, आमचे चुकले.” ती काही बोलली नाही. वही मात्र परत घेऊन गेली. सोमवारी प्रार्थनेला पेटीचा आवाज आला, तेव्हा आम्ही मान वर करून पाहिले नाही. नुसते ऐकले.

आपले,
प्राचार्य