रक्षक वन आणि आठवड्याचे श्रमदान

स्वित्झर्लंड देशातील आल्प्स पर्वताच्या उतारांवर दर वर्षी उन्हाळ्याच्या दिवसांत काही माणसे एका आठवड्यासाठी झाडे लावावयास जातात. त्यांत शिक्षक असतात, कारकून असतात, विद्यार्थी असतात, नोकरीतून निवृत्त झालेलेही असतात. मजुरी कोणासही मिळत नाही. राहण्याची व जेवणाची सोय होते, प्रवासखर्च ज्याचा त्याने करावयाचा. १९८७ साली ‘बेर्गवाल्डप्रोयेक्ट’ म्हणजे ‘पर्वतवन प्रकल्प’ या नावाच्या संस्थेने हे काम आरंभिले. त्या दशकात युरोपातील जंगले वाळू लागल्याची मोठी चिंता लोकांस लागली होती. ती चिंता नुसती बोलून न दाखविता हातांत कुदळ घ्यावी, असा या उपक्रमामागील विचार होता.

या श्रमदानाविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खोटा नाही. वनखात्यातील कसलेला मजूर एका दिवसात जितकी रोपे लावील, तितकी शहरातून आलेला नवखा मनुष्य लावू शकत नाही. पहिला दिवस त्याला कुदळ कशी धरावी हे शिकविण्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातांस फोड येतात. मग हा खटाटोप कशासाठी? नुसता रोपांचा हिशेब मांडला तर हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरेल. परंतु हे वन कोणत्या जातीचे आहे, हे पाहिल्यावाचून असा हिशेब मांडणे योग्य होणार नाही.

स्वित्झर्लंडच्या भूमीचा सुमारे तिसरा हिस्सा वनाखाली आहे आणि त्या वनांपैकी जवळजवळ निम्मे ‘रक्षक वन’ म्हणून गणले जाते. हे वन लाकडाकरिता राखलेले नाही. खालच्या दरीतील घरे, गोठे, रस्ते व आगगाडीचे मार्ग यांच्यावर हिमलोट, दगड व पुराचा गाळ येऊ नये, एवढ्यासाठी ते उतारावर उभे असते. झाडांच्या शेंड्यांवर पुष्कळसे बर्फ अडकते आणि थोडेथोडे खाली गळते, त्यामुळे जमिनीवर एकसंध थर बसत नाही. बुंधे त्या थरास जागोजागी खिळवून धरतात. हिमलोट सुटण्याच्या जागीच त्यास अडविणे हे या वनाचे खरे काम. वनाच्या पुष्कळ वरून सुटून वेगाने आलेला मोठा लोट मात्र झाडांनाही मोडून नेतो. म्हणून वन उतारावर किती उंचीपर्यंत टिकून आहे, यावर खालच्या गावाचे भवितव्य ठरते.

अँडरमॅट या गावच्या लोकांना हे फार पूर्वी उमगले होते. त्यांच्या डोक्यावरील उतारावर जंगलाचा एक तुकडा उरला होता आणि भोवतालची दरी बहुतांशी उघडी पडली होती. १३९७ साली त्यांनी लेखी बंदीपत्र करून त्या तुकड्यातून लाकूड नेण्यास मनाई केली. थंडीने काकडणाऱ्या माणसाने घराजवळचे लाकूड तोडू नये, ही साधी गोष्ट नव्हे. इतरत्र अशी दूरदृष्टी राहिली नाही आणि पुढे अनेक उतार बोडके झाले. १८६८ च्या महापुरांनंतर देशाचे डोळे उघडले. १८७६ साली उंच पर्वतातील वनक्षेत्र घटविण्यास बंदी करणारा कायदा झाला. तरीही १९५०-५१ च्या हिवाळ्यात हिमलोटांनी त्या देशात सुमारे शंभर बळी घेतले. खुद्द अँडरमॅटमध्ये २० जानेवारी १९५१ रोजी तेरा माणसे दगावली. दरीचे सर्वच उतार त्या एका तुकड्याने झाकलेले नव्हते. पुढे फेब्रुवारी १९९० मधील वादळाने पर्वतातील अनेक रक्षक वने एका फटक्यात आडवी केली. अशा ठिकाणी नवी पिढी आपोआप उगवून येण्याची वाट पाहण्यास नेहमीच सवड असते असे नाही.

आता लागवडीची रीत पाहावी, कारण शेतकऱ्याच्या नजरेस येथेच खरे कौतुक वाटेल. बागेप्रमाणे सरळ ओळी येथे चालत नाहीत. खोलगट जागी बर्फ उशिरापर्यंत साचून राहते आणि त्याखाली स्प्रूसच्या रोपास काळ्या बुरशीचा रोग जडतो, म्हणून रोप उंचवट्यावर बसवावयाचे. उतारावरून सरकणारे बर्फ कोवळे रोप वाकविते किंवा मुळासकट उपटते, म्हणून जुन्या बुंध्याच्या खालच्या अंगास आडोसा पाहून खड्डा घ्यावयाचा. जेथे असा आडोसा नाही, तेथे लाकडाच्या तिकाट्या रोवतात. त्या कुजेपर्यंत झाडाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, अशी अपेक्षा असते. रोपे घोळक्याघोळक्याने लावतात व मध्ये जागा मोकळी सोडतात. मात्र ती उताराच्या दिशेने फार लांब होऊ देत नाहीत, नाही तर तेथूनच लोट सुटावयाचा. हरणे फरची रोपे आवडीने खातात, तेव्हा कुंपण आलेच. इतके करूनही उंचावरील रोपास हिवाळी बर्फाच्या वर डोके काढावयास कित्येक वर्षे लागतात.

यावरून दिसेल की येथे हातांच्या वेगापेक्षा जागा पारखण्याला अधिक किंमत आहे. जागा वनअधिकारी ठरवितो, गटाचा मार्गदर्शक दाखवितो आणि स्वयंसेवक त्यांचे ऐकतो. आपल्या मर्जीने कोठेही खड्डा खणण्यास त्याला मोकळीक नाही. पुष्कळदा त्याच्या वाट्यास लागवड येतही नाही. पायवाट नीट करणे, कुंपण दुरुस्त करणे, दाटलेली कोवळी झाडे विरळ करणे, अशी कामे येतात. ज्यांना झाडाजवळ उभे राहून छायाचित्र काढून घ्यावयाचे असते, त्यांची यात निराशा होत असेल. ती झालेली बरी.

आपल्याकडे १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून पावसाळ्यात गावोगाव खड्डे मोजले जातात. खड्ड्यांची संख्या वहीत चढते. पुढील उन्हाळ्यात त्यांतील जिवंत रोपे मोजण्यास कोणी जात नाही, हे ग्रामसेवकांना ठाऊकच आहे. स्वित्झर्लंडचे हवामान वेगळे, झाडे वेगळी, म्हणून तेथील रीत उचलून येथे लावता येणार नाही. परंतु त्या देशातील बहुतेक वने सार्वजनिक मालकीची आहेत व त्यांतही गावसंस्थांचा वाटा मोठा आहे. पाहुणे आठवड्याने निघून गेले तरी रोपाचा धनी गावातच राहतो. श्रमदानाची मर्यादा व त्याचे मोल दोन्ही येथे ठरतात. धनी जागा असेल तर नवख्यांचे हातही उपयोगी पडतात. तो झोपी गेला असेल तर कसबी मजुरांनी लाविलेली रोपेही वाळतात.

मजुरीच्या हिशेबाचा आक्षेप यामुळे पुरता मिटतो असे नाही. जेथे कसबी मजूर मिळतो व पैसाही आहे, तेथे वनसंस्थांनी मजुरालाच काम द्यावे. तथापि उंचावरील अवघड उतारांवर अशी पुष्कळ किरकोळ कामे असतात की ज्यांतून लाकडाचे उत्पन्न कधीच येणार नाही आणि म्हणून ती वर्षानुवर्षे मागे पडत जातात. एका आठवड्यात वीस माणसांनी दुरुस्त केलेले कुंपण पुढील हिवाळ्यात हरणांना अडविते. त्याच पायवाटेने वर्षाने दुसरा गट चढतो, मेलेल्या रोपांच्या जागा भरतो आणि गवताखाली दडपलेली रोपे मोकळी करतो.