साठ-तीन म्हणणारी मुलगी

निलंग्याला आमच्या बचत गटाच्या बैठकीला बाया शाळेतल्या पोरींना सोबत आणतात, वही लिहायला. एकदा एकीच्या कर्जाचा विषय निघाला. तिनं बाहेरून ६,००० रुपये घेतले होते, महिना शेकडा २ व्याजानं. बारा महिने ५०० मुद्दल आणि १२० व्याज. आठवीतल्या एका मुलीनं वहीतून मान वर करून विचारलं, "मावशी, मुद्दल कमी होतंय, मग व्याज तेवढंच का?"

आम्ही सगळ्या गप्प. तिनंच हिशेब मांडला. ५०० च्या एका हप्त्याला महिन्याचं व्याज १० रुपये. पहिल्या महिन्यात १२ हप्ते बाकी, मग ११, मग १०, शेवटी १. ही बेरीज तिनं ओळीनं केली नाही. १२ आणि १, ११ आणि २, अशा तेराच्या सहा जोड्या लावल्या. ७८. म्हणजे व्याज ७८० व्हायला हवं, सावकार घेणार १,४४०. जोड्यांची युक्ती तिला शाळेत नाही, गणिताच्या गमतींच्या एका फाटक्या पुस्तकात सापडली होती.

६६० रुपये म्हणजे खुरपणीचे किती दिवस, हे आपल्याला सांगायला नको.

मैत्रिणींनो, आपल्या कार्यालयातल्या कपाटात कायद्याच्या पुस्तिका आहेत, आरोग्याच्या आहेत, गाण्यांची पुस्तकं आहेत. गणिताचं एक तरी आहे का? गणित हा शिक्षणखात्याचा विषय, चळवळीचा नव्हे, असं आपणही धरून चाललो. आमच्या जिल्ह्यात तर 'लातूर पॅटर्न'मुळे गणित म्हणजे मार्क आणि क्लासची फी. फी एकाचीच परवडत असेल, तर ती कुणाची भरली जाते?

मंगला नारळीकरांची आठवण म्हणूनच येते. १९८१ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची गणितातली पीएच.डी. घेतली. 'संसार सांभाळून' असं त्यांच्याबद्दल हमखास लिहिलं जातं. पुरुष गणितज्ञाबद्दल ते कुणी लिहीत नाही. 'गणितगप्पा', 'गणिताच्या सोप्या वाटा' ही त्यांची पुस्तकं मुलांशी बोलतात, दटावत नाहीत. २०२३ च्या जुलैमध्ये त्या गेल्या.

२०१९ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या बालभारतीच्या गणित समितीनं दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक', 'त्रेसष्ट'सोबत 'साठ तीन' दिलं, तेव्हा केवढा गहजब झाला! मराठीचा घात झाला म्हणे. जुने शब्द काढले नव्हते, पण ते बघायला सवड कुणाला? 'त्रेसष्ट' ऐकलं की लेकराच्या कानावर आधी तीन पडतात आणि ते ३६ लिहून मोकळं होतं. आमचा तालुका कर्नाटकाला लागून. पलीकडच्या बिदर जिल्ह्यातली मुलगी कन्नडमध्ये 'अरवत्तमूरु' म्हणते, म्हणजे साठ आणि तीनच. त्यानं कन्नड काही बुडाली नाही. टिंगल करणाऱ्यांच्या घरातल्या मुलांना शिकवणी होती. ज्या मुलीला घरी पाढे म्हणून घेणारं कुणी नाही, तिच्यासाठी ती सोय होती, आणि आपण बायकांच्या संघटनांनी तिच्या बाजूनं मोठ्यानं बोलायला हवं होतं. मीही तेव्हा बोलले नाही.

आपल्याकडे मुलीला गणित सांगायची परंपरा जुनी आहे, ११५० च्या 'लीलावती'पासूनची. त्यात भास्कराचार्य मुलीला उद्देशून गणितं घालतात. घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला, लग्न राहिलं म्हणून बापानं लेकीच्या नावानं ग्रंथ लिहिला, ही गोष्ट मात्र नंतरची. फैजीनं १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात ती आहे. मला ती कधीच आवडली नाही. नवरा मिळाला असता तर गणित मिळालं नसतं, असाच तिचा अर्थ होतो.

गमतीच्या पुस्तकांबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यांतही पुष्कळदा दुकानदार काका नफा मोजतात आणि आई लाडू वाटते. आपल्या बायांचं गणित, पायलीचं माप, हजेरी, हप्ता, सातबाऱ्यावरचे गुंठे, त्यात क्वचितच येतं. ते कुणी बाहेरून येऊन लिहून देणार नाही. गटाच्या वह्यांत ते पडलेलंच आहे.

त्या मुलीनं पुढच्या बैठकीसाठी सगळ्यांच्या कर्जाच्या पावत्या मागितल्या आहेत. दोघींनी अजून दिलेल्या नाहीत. नवऱ्याला विचारून सांगते म्हणाल्या.